उद्याचे अकरा

छापखान्यात त्याला सगळे ‘भिंग’ म्हणायचे. औषधांच्या खोक्यात घडी घालून ठेवलेलं जे पातळ पत्रक असतं, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांचं, ते छापायच्या आधी तपासायचं काम त्याच्याकडे होतं. बावीस वर्षं तो तेच करत होता. गोळी दिवसातून दोनदा घ्यायची की तीनदा, दहा मिलिग्रॅम की शंभर, हे त्याच्या सहीशिवाय मशीनवर चढत नसे. या कामात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण चूक न होऊ देणं हेच ज्याचं काम, त्याला शाबासकी कोण देणार? सगळं बरोबर असलं की कोणाला काही दिसत नाही. एक शून्य सुटलं की सगळ्यांना तोच दिसतो.

छापखान्यात शाबासकी मिळायची ती कॅन्टीनच्या भिंतीवर. तिथे दर सोमवारी रद्दी कागदावर छापलेला तक्ता लागायचा: बारा जण, बारा संघ आणि त्यांचे गुण. फॅन्टसी फुटबॉलचं वेड कटिंगवाल्याने आणलं होतं. कागदाचे गठ्ठे कापायच्या मशीनवर तो उभा असायचा, आवाजाने आणि अंगाने दांडगा, आणि सलग चार वर्षं पहिला आलेला. खेळ तसा सोपा. लीगमधले खरे खेळाडू निवडून प्रत्येकाने पंधरा जणांचा संघ बांधायचा. दर आठवड्याला त्यातले अकरा मैदानात उतरवायचे, चार बाकावर बसवायचे. शनिवारी त्या खेळाडूंनी खऱ्या मैदानात जे दिवे लावले त्याचे गुण तुम्हाला. एकाला कप्तान करायचं, त्याचे गुण दुप्पट. बाकावर बसलेल्याने चार गोल केले तरी तुमच्या पदरात शून्य. शनिवारी सकाळी अकरा वाजता कुलूप लागायचं. त्यानंतर डोकं आपटलं तरी काही बदलता येत नसे.

भिंग चार वर्षं तळाला होता. अभ्यास तो सगळ्यांपेक्षा जास्त करायचा, आणि तोच त्याला नडायचा. मागच्या आठवड्यात ज्याने गोल केला त्याला उतरवायचा, की तो ढेपाळायचा. ज्याला बाकावर बसवायचा, तो हमखास चमकायचा. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत कटिंगवाला सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारायचा, “भिंग, या शनिवारी बाकावर कोण रे? नाव सांग, मी त्याला कप्तान करतो!” आणि बारापैकी अकरा हसायचे. भिंगही हसायचा. न हसून सांगतो कुणाला?

त्याची धाकटी बहीण शहराच्या फुटबॉल क्लबमध्ये फिजिओथेरपिस्ट होती. घरात तिला सगळे छोटी म्हणायचे, वयाची छत्तिशी उलटली तरी. वडील गेले तेव्हा ती शाळेत होती. पुढचं तिचं सगळं शिक्षण दादाने केलं होतं आणि ती ते विसरली नव्हती. लग्न तिने केलं नाही. क्लबजवळ एका खोलीत एकटी राहायची आणि दर शुक्रवारी संध्याकाळी, सराव संपला की, दादाकडे जेवायला यायची. आई दादाजवळच राहत होती. छोटी आली की आधी आईच्या पायांशी बसायची, तिचे घोटे चोळून द्यायची आणि मग स्वयंपाकघरात वहिनीशी गप्पा मारत उभी राहायची. तिच्या हातांना मलमाचा वास कायम असायचा, कितीही साबण लावला तरी.

क्लबने तिच्याकडून एक कागद सही करून घेतला होता. खेळाडूंच्या शरीराबद्दल बाहेर अवाक्षर काढायचं नाही, घरच्यांजवळसुद्धा नाही. ती थट्टेने म्हणायची, “मी डॉक्टर नाही, पण माझं तोंड डॉक्टरपेक्षा घट्ट शिवलंय.”

पाचव्या वर्षी, लीगच्या सुरुवातीच्या एका शुक्रवारी भिंग जेवणाच्या टेबलावर फोन घेऊन बसला होता. पंधरा नावं समोर होती आणि अकरा ठरत नव्हती. त्याने सहज विचारलं, “छोटे, तुमचा तो उंच बचावपटू उतरवू का गं उद्या?”

“काय ते वेड तुझं दादा! तुझ्या वयाला शोभतं का हे आता,” ती हसली. “उतरव नाहीतर झोपव. मला काय त्याचं?”

“आणि गोलकीपर?”

“मला माहीत नाही,” ती म्हणाली आणि पाण्याचा तांब्या उचलून आत गेली.

चूक शोधायला भिंगाला वाक्य वाचावं लागत नसे. डोळा ओळीवरून जाता जाता अडखळायचा, आणि जिथे अडखळला तिथे चूक असायचीच. इथेही तसंच झालं. आधीच्या नावाला ती हसली होती, चिडवत होती, ओळखीच्या माणसाबद्दल बोलावं तशी बोलली होती. पुढच्या नावाला तिचा आवाज सरळ झाला, कागदासारखा. तांब्या तर भरलेलाच होता.

त्याने गोलकीपर बाकावर बसवला. दुसऱ्या दिवशी तो गोलकीपर खेळला नाही. सरावात त्याचं बोट दुखावलं होतं, असं संध्याकाळी जाहीर झालं.

त्याने स्वतःची समजूत घातली की हा योगायोग. बोलाफुलाला गाठ पडली. पण पुढच्या शुक्रवारी त्याने पुन्हा विचारलं, आणि या वेळी एकेक नाव घेताना तो फोनकडे बघत नव्हता, तिच्याकडे बघत होता. चार नावांना ती हसली. एका नावाला तिने आईला विचारलं, “तू औषध घेतलंस का?” भिंगाने त्या एकाला बसवलं, आणि तो बरोबर ठरला.

छोटीने त्याला कधी काही सांगितलं नाही. हे त्याला पक्कं माहीत होतं, आणि त्याच आधारावर तो निर्धास्त होता. तिने सांगितलं नाही, त्याने विचारलं नाही. दादाने बहिणीला एखादं नाव घेऊन चिडवलं, इतकंच. मध्यंतरी तिच्याही काहीतरी लक्षात आलं असावं. एका शुक्रवारी तिने सगळ्याच नावांना “माहीत नाही” म्हणायला सुरुवात केली. पण तोवर भिंगाला ती पाठ झाली होती. नीट असलेल्या खेळाडूचं नाव निघालं की ती जेवत राहायची. नीट नसलेल्याचं निघालं की तिचा घास हातात थांबायचा, क्षणभरच, आणि मग तोंडात जायचा.

कॅन्टीनच्या भिंतीवर त्याचं नाव वर सरकू लागलं. बाराव्यावरून नववं, नवव्यावरून सहावं. हिवाळा सरता सरता तो तिसरा होता. आता कोणी त्याला बाकावर कोण म्हणून विचारत नव्हतं. बाइंडिंगची माणसं शुक्रवारी दुपारी त्याच्या टेबलापाशी रेंगाळायची आणि हळूच सल्ला मागायची. मॅनेजरसुद्धा एकदा म्हणाला, “भिंग, तुमची नजर आहे हो!” बावीस वर्षांत पत्रकांबद्दल जे त्याने कधी म्हटलं नव्हतं, ते फुटबॉलबद्दल म्हटलं. भिंगाला ते लागायला हवं होतं. त्याला आनंद झाला.

कटिंगवाल्याला मात्र ते पचत नव्हतं. “या लेकाला कोणीतरी कानात सांगतंय,” तो म्हणायचा, पण हसत.

घरात एकाच व्यक्तीच्या ध्यानात आलं होतं. एका शुक्रवारी छोटी निघून गेल्यावर भिंगाची बायको ताटं उचलता उचलता म्हणाली, “एक विचारू? तुम्ही तिला जेवायला बोलावता की तपासायला?”

“म्हणजे?”

“ती घास घेते आणि तुम्ही तिच्या तोंडाकडे बघत बसता. पत्रक वाचल्यासारखे. मी आंधळी नाही.”

“काहीतरीच तुझं,” तो म्हणाला. तिने ताटं मात्र जरा जोरात आपटली.

क्लबचा सगळ्यात जुना खेळाडू होता त्यांचा स्ट्रायकर. चौतीस वर्षांचा. प्रेक्षक त्याला लाडाने ‘म्हातारा’ म्हणायचे, आणि तो मैदानात आला की सगळं स्टेडियम उठून उभं राहायचं. त्याचा उजवा गुडघा दोनदा कापलेला होता, हे जगजाहीर होतं. जगाला जे माहीत नव्हतं ते हे, की गेली दोन वर्षं तो गुडघा छोटीच्या दोन हातांवर चालला होता. रोज सकाळी सगळ्यांच्या आधी तासभर ती त्याच्यावर काम करायची. म्हाताऱ्याचा करार उन्हाळ्यात संपत होता. दुसरा एक क्लब त्याला आणखी दोन वर्षांसाठी घ्यायला तयार होता. वर्तमानपत्रांत तशा बातम्या येत होत्या. त्या दोन वर्षांनंतर तो खेळ सोडणार होता आणि मुलांना शिकवायला लागणार होता. हे तो उघड बोलला होता.

लीगचे तीन आठवडे उरले होते. कटिंगवाला पहिला, भिंग दुसरा, मधे पाच गुणांचं अंतर. त्या शनिवारी क्लबची गाठ तक्त्यातल्या सगळ्यात शेवटच्या संघाशी होती. म्हातारा तीन तरी गोल मारणार, असं शेंबडं पोरही सांगत होतं. बाराच्या बारा जणांच्या संघात तो होता आणि अकरा जण त्याला कप्तान करणार होते.

शुक्रवारी छोटी आली ती उशिरा, आणि आल्या आल्या आईजवळ न जाता खुर्चीत बसून राहिली. डोळे सुजलेले होते. वहिनीने विचारलं, “काय गं, बरं नाही?” तर म्हणाली, “थकलेय.”

भिंगाने थोडा वेळ जाऊ दिला. मग जेवताना म्हणाला, “उद्या काय, म्हाताऱ्याची मेजवानीच!”

छोटीने घास खाली ठेवला.

“दादा, आज नको. खरंच नको. आज फुटबॉल नको.”

“बरं बाई, नको तर नको,” तो म्हणाला. बायको त्याच्याकडे रोखून बघत होती. त्याने मान खाली घातली आणि जेवू लागला. पण त्याला हवं होतं ते मिळालं होतं, आणि हे त्या टेबलावरच्या तिघींपैकी निदान एकीला तरी कळलं होतं. छोटी बसली होती त्याच खोलीत, आठ वाजून वीस मिनिटांनी त्याने म्हाताऱ्याला कप्तानपदावरून काढलं आणि बाकावर बसवलं. त्याच्या जागी एका कोणीही न ऐकलेल्या विंगरला उतरवलं.

शनिवारी अकरा वाजता कुलूप लागलं, आणि कुलूप लागलं की सगळ्यांना सगळ्यांचे संघ दिसायचे, कोणता बदल किती वाजता केला त्यासकट. पाच मिनिटांत छापखान्याच्या ग्रुपवर कटिंगवाल्याचा निरोप आला: “भिंग, शेवटच्या संघासमोर म्हातारा बाकावर? डोकं फिरलं का?” त्यावर दहा जणांनी हसरे चेहरे टाकले. आधीच्या चार वर्षांचं ते हसणं होतं, जसंच्या तसं.

भिंगाने न बोलता दोन तास थांबायचं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण चार वर्षं गिळलेलं सगळं त्या क्षणी वर आलं, आणि त्याने दोन शब्द लिहिले: “गुडघ्याला विचारा.”

दुपारी क्लबने जाहीर केलं की म्हाताऱ्याला ताप आहे, तो आज खेळणार नाही. ग्रुपवर मग कोणीतरी लिहिलं, “भिंग, तू देव आहेस.” भिंगाने ते तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना ‘ताप’ या शब्दावर त्याचा डोळा अडखळला. क्लब म्हणतो ताप, आणि त्याने लिहिलं होतं गुडघा. त्याने आपला निरोप पुसून टाकला. पण पुसायच्या आधी तो बारा फोनांवर पोचला होता, आणि त्यातला एक फोन कटिंगवाल्याचा होता. कटिंगवाल्याचा मेहुणा वर्तमानपत्राच्या क्रीडा पानावर लिहायचा.

सोमवारी बातमी आली: ‘ताप नव्हे, गुडघा’. खाली लिहिलं होतं की क्लबच्या आतल्या गोटाशी घरचा संबंध असलेल्या व्यक्तीला ही गोष्ट सामन्याच्या आधीच ठाऊक होती. मंगळवारी दुसऱ्या क्लबने म्हाताऱ्याच्या गुडघ्याची नव्याने तपासणी मागितली. बुधवारी तपासणी झाली. गुरुवारी त्यांनी बोलणी थांबवली.

छोटी शुक्रवारची वाट न बघता त्याच दुपारी छापखान्यात आली. रिसेप्शनवर क्लबची निळी बॅग खांद्याला लावून उभी होती. भिंग तिला कागदाच्या गोदामात घेऊन गेला, कारण तिथे मशीनचा आवाज कमी यायचा. दोन्ही बाजूंना छतापर्यंत कोऱ्या कागदाचे गठ्ठे होते.

“दादा, एकच विचारते. मी तुला कधी काही सांगितलं?”

“नाही.”

“एक शब्द तरी?”

“नाही गं, छोटे. आईशपथ नाही.”

तिने सुटकेचा श्वास सोडला. “मला वाटलंच. मी रात्रभर आठवतेय, कुठे काही बोलून गेले का. उद्या दहा वाजता चौकशी आहे. तुझ्या त्या निरोपाचा फोटो त्यांच्याकडे आहे. तू ये आणि एवढंच सांग, की मी काही सांगितलं नाही.”

“येतो ना. येणार नाही तर काय!”

“पण ते विचारतील, मग तुला कळलं कसं.” ती त्याच्याकडे बघत राहिली. “कसं कळलं, दादा?”

त्याला खोटं सुचलं नाही. किंवा सुचलं, पण त्या क्षणी तिच्यासमोर ते बोलवलं नाही. तो म्हणाला, “तुझ्याकडे बघून.”

“म्हणजे?”

“कोणी दुखावलेला असला की तू... थांबतेस. घास थांबतो तुझा.”

छोटीने बॅगेचा पट्टा खांद्यावर वर ओढला. मग म्हणाली, “कधीपासून?”

“गोलकीपरचं बोट दुखावलं तेव्हापासून.”

“म्हणजे वर्षभर. मी आईशी बोलायचे, वहिनीशी हसायचे, तुझ्या घरात पाय पसरून बसायचे, आणि तू...” ती दोन पावलं मागे सरली. “अरे, आठवडाभर मी चेहरा सांभाळून असते. पत्रकारांसमोर, एजंटांसमोर, स्वतः खेळाडूंसमोर. फक्त या एका घरात सांभाळत नव्हते.”

“छोटे, माझ्या मनात तसं काही...”

“उद्या ये. आणि हेच सांग. जसं आहे तसं. लाज वाटली तरी सांग.” बॅग सावरून ती निघाली. दाराशी वळून म्हणाली, “आत्तापर्यंत तुझ्याकडे काही मागितलं नव्हतं मी.”

चौकशी क्लबच्या ऑफिसात होती. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या आणि काचेपलीकडे हिरवं मैदान. पलीकडे तिघे बसले होते; मधे क्लबची सचिव, कडक इस्त्रीच्या कपड्यातली एक बाई. छोटी एका टोकाला होती. आणि भिंतीशी, पाय लांब करून, म्हातारा बसलेला. तो येणार हे भिंगाला कोणी सांगितलं नव्हतं. टीव्हीवर दिसायचा त्यापेक्षा तो बारीक होता, आणि कानशिलांवर केस पिकलेले होते.

“तुमच्या बहिणीने तुम्हाला या खेळाडूच्या गुडघ्याबद्दल काही सांगितलं होतं का?” सचिवबाईंनी विचारलं.

“नाही. कधीच नाही.”

“मग तुम्हाला कसं कळलं?”

भिंगाने तोंड उघडलं. रात्री त्याने वाक्य तयार केलं होतं, दोनदा तपासलंही होतं. ‘मी दर शुक्रवारी माझ्या बहिणीला जेवायला बोलावून एकेक नाव घ्यायचो आणि तिचा घास कुठे अडतो ते बघायचो.’ त्यात एकही चूक नव्हती. पण आता समोर म्हातारा बसला होता, आणि त्याचा उजवा गुडघा नजरेसमोर होता, आणि ते वाक्य कशासाठी? तर कॅन्टीनच्या भिंतीवरच्या रद्दी कागदासाठी. खरं इतकं क्षुल्लक होतं की मोठ्याने बोलायची लाज वाटली. एखाद्या चोराला बोलता आलं असतं; त्याने काहीतरी चोरलेलं तरी असतं.

“अंदाज होता,” तो म्हणाला.

छोटीने मान वळवून त्याच्याकडे बघितलं.

“अंदाज?” सचिवबाईंनी पुढ्यातला कागद ओढला. “या वर्षात आमचा दुखावलेला खेळाडू तुमच्या संघात असण्याची वेळ नऊदा आली. नऊच्या नऊ वेळा तुम्ही त्याला आदल्या संध्याकाळी बाकावर बसवलंत. नेहमी शुक्रवारी. नेहमी साडेसात ते साडेआठच्या मधे. प्रत्येक बदलाची वेळ इथे नोंदलेली आहे. त्या वेळेला तुमची बहीण कुठे असते?”

“आमच्याकडे जेवायला.”

“आणि तरी अंदाज?”

“दादा,” छोटी म्हणाली. एवढंच.

अजूनही वेळ होती. तिघेही थांबले होते, म्हातारासुद्धा त्याच्याकडे बघत होता, रागाने नाही, नुसताच. भिंगाने समोरची पाण्याची बाटली सरळ केली.

“हो,” तो म्हणाला. “माझी नजर आहे जरा.”

त्या एका वाक्याने निकाल लागला. जो माणूस नऊदा बरोबर येतो आणि अंदाज म्हणतो, त्याला कोणीतरी सांगितलेलं असतं, हे उघडच होतं.  छोटीला बाहेर बसायला सांगितलं, ती उठून गेली, आणि पंधरा मिनिटांत तिला नोकरीवरून काढल्याचं पत्र मिळालं. ते पत्र आधीच टाइप करून ठेवलेलं असणार.

भिंग जिन्यात उभा होता. छोटी त्याच्या बाजूने उतरून गेली. तिने त्याला टाळलंही नाही, बघितलंही नाही. तिच्या मागून म्हातारा आला, कठड्याला धरून, एकेक पायरी.

“तुम्ही तिचे भाऊ?”

“हो. मला माफ करा. मी...”

“दोन वर्षं चालवलं तिने मला,” म्हातारा म्हणाला. “डॉक्टरांनी सहा महिने दिले होते.” तो एक पायरी उतरला आणि थांबला. “मला त्या खेळातलं फार कळत नाही. माझ्या जागी ज्याला घेतलंत, त्याचे किती मिळाले?”

भिंगाला उत्तर द्यायचं नव्हतं. पण त्याला आकडा ठाऊक होता, आणि ठाऊक असलेला आकडा त्याच्या तोंडून बरोबरच निघायचा.

“नऊ.”

म्हाताऱ्याने मान हलवली. “बरे आहेत,” तो म्हणाला आणि उतरू लागला. त्याच्या क्लबनेही पुढे त्याचा करार वाढवला नाही. शेवटच्या सामन्याला तो प्रेक्षकांत होता, असं म्हणतात. भिंगाने तो सामना बघितला नाही.

लीग मात्र संपायची ती संपलीच. उरलेल्या दोन आठवड्यांत भिंगाने संघाला हातही लावला नाही. जे अकरा होते ते तसेच उतरत राहिले, आणि चार वर्षांत त्याने डोकं खाजवून जे जमवलं नव्हतं ते त्यांनी आपोआप केलं. तो तीन गुणांनी पहिला आला. त्या विंगरचे नऊ गुण नसते तर दुसरा आला असता. बाइंडिंगवाल्याने पुठ्ठ्याचा चषक बनवला होता, सोनेरी कागद लावून. जेवणाच्या सुट्टीत कटिंगवाल्याने स्वतः तो त्याच्या हातात दिला आणि सगळ्यात जोरात टाळ्याही त्यानेच वाजवल्या. “जिंकलास लेका! मानलं तुला!” बातमी मेहुण्याला कोणी दिली याबद्दल तो कधी काही बोलला नाही, आणि भिंगाने विचारलं नाही. कोणत्या तोंडाने विचारणार होता? सगळे टाळ्या वाजवत होते, आणि त्यांच्यातल्या प्रत्येकाला छोटीबद्दल माहीत होतं. भिंग चषक हातात धरून हसला.

घरी त्याने आईला सांगितलं की छोटीला दुसरीकडे चांगली नोकरी मिळाली. तीन शुक्रवार आई दाराकडे बघत बसली. चौथ्या शुक्रवारी म्हणाली, “मिळालीय की गेलीय?” भिंगाने बायकोकडे बघितलं. बायको म्हणाली, “मी सांगितलं त्यांना. सगळं. तुम्ही सांगणार नव्हताच.”

आई त्याच्यावर चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, “तिच्या शिक्षणासाठी तू तुझं लग्न पाच वर्षं पुढे ढकललंस. मी सगळ्यांना अभिमानाने सांगायचे.” आणि ती भिंतीकडे तोंड करून पडली.

छोटीला दोन महिन्यांनी काम मिळालं, रेल्वेने दिवसभराच्या अंतरावर, एका रुग्णालयात. झटका येऊन अर्धं अंग गेलेल्या माणसांना ती पुन्हा चमचा धरायला शिकवते. पगार कमी, माणसं हळू. कोणत्याही क्लबने तिला पुन्हा दारात उभं केलं नाही. पावसाळ्याआधी ती एकदा आली, भिंग कामावर असताना, आणि आईला घेऊन गेली. आई स्वतःच जायला निघाली होती. भिंग घरी आला तेव्हा आईची खाट उभी करून भिंतीला टेकवलेली होती, आणि तिच्या औषधांचा डबा नव्हता.

त्याने पत्रं लिहिली. एकूण तीन. पहिलं चार पानांचं होतं; त्यात सगळं होतं, जे चौकशीत सांगायचं होतं तेही. ते क्लबच्या सचिवबाईंना पाठवलं. उत्तर आलं की प्रकरण बंद झालेलं आहे. उरलेली दोन छोटीला पाठवली. ती परत आली नाहीत आणि त्यांचं उत्तरही आलं नाही.

छोटी दर रविवारी सकाळी वहिनीला फोन करते. बायको फोन घेऊन आतल्या खोलीत जाते, दार लोटून घेते आणि अर्धा-पाऊण तास बोलते. कधी आईचा आवाज येतो, कधी हसणं. भिंग बाहेर वर्तमानपत्र धरून बसतो. पान उलटत नाही.

एका रविवारी त्याला राहवलं नाही. तो उठला, दार हळूच ढकललं आणि आत जाऊन उभा राहिला. फोन पलंगावर ठेवलेला होता, आवाज मोठा केलेला. छोटी कोणत्यातरी म्हाताऱ्या बाईची गंमत सांगत होती, जिने सहा आठवड्यांनी पहिल्यांदा बोटांत पेला धरला आणि धरल्या धरल्या नर्सच्या अंगावर फेकला. आई मागून हसत होती. बायकोही हसत होती. त्याला बघून ती थांबली.

“काय झालं गं, वहिनी?” फोनमधून छोटीने विचारलं. “कोण आलं?”

बायकोने त्याच्याकडे बघितलं. तो काहीतरी बोलणार होता.

“कोणी नाही,” ती म्हणाली. “दार वाऱ्याने उघडलं. तू सांग पुढे.”